डॉक्टर होण्याआधी : यवत, दौंड आणि वढूचे धडे

नीटच्या अर्जात विद्यार्थ्याचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, दहावी-बारावीचा तपशील, फोटो आणि सही मागतात. कुणा आजाऱ्याची सेवा केली आहे का, गावच्या आरोग्य केंद्राची पायरी कधी चढली आहे का, नाटकात, मैदानात, वारीत काही केलं आहे का, हे विचारणारा रकाना त्यात नाही. 720 गुणांचा पेपर, देशभरातून बसणारी 20 लाखांहून अधिक मुलं आणि एमबीबीएसच्या लाखाच्या थोड्या वर जागा. त्यामुळे पुणे जिल्ह्यातल्या शिरूरला असो नाहीतर दौंडला, दहावीचा निकाल लागला की घरात एकच चर्चा सुरू होते. क्लास कुठला लावायचा, लातूरला ठेवायचं की पुण्याला, मेसचं जेवण बरं असतं का. बाकीचं सगळं ‘एकदा नंबर लागू दे, मग बघू’ म्हणून गुंडाळून ठेवलं जातं.

दुसऱ्या टोकाची घरंही आहेत. त्यांचा डोळा पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयावर, म्हणजे एएफएमसीवर असतो, किंवा परदेशावर. कुणीतरी सांगितलेलं असतं की तिकडे ‘प्रोफाइल’ बघतात. मग रक्तदान शिबिरातला फोटो, वृक्षारोपणाचा फोटो, एका दिवसाच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र, असं करत फाइल जाड होत जाते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत तर हे रीतसर चालतं, कारण तिथल्या वैद्यकीय प्रवेशाच्या सामाईक अर्जात जास्तीत जास्त 15 उपक्रम लिहिता येतात आणि त्यांतले तीन सर्वांत महत्त्वाचे म्हणून निवडून त्यांच्याविषयी जास्त लिहायचं असतं. पंधराही जागा भरल्याच पाहिजेत, असं तिथल्या मुलांच्याही मनात बसतं.

दोन्ही प्रकारच्या घरांची गल्लत एकाच जागी होते. अभ्यासाबाहेरचं काम हे प्रवेश देणाऱ्याला दाखवण्यासाठी असतं, असं दोघंही धरून चालतात. पहिलं घर म्हणतं, कुणी बघत नाही ना, मग कशाला करायचं. दुसरं म्हणतं, बघतात ना, मग भरपूर करा. आपल्याकडे खरी गरज वेगळीच आहे. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी महाविद्यालयात शिकलेल्यांना पुढे एक वर्षाची बंधपत्रित सेवा, पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षं. इतक्या लांबच्या वाटेला लागण्याआधी त्या मुलाला किंवा मुलीला हे काम मुळात झेपतं का, आवडतं का, हे कधी तपासून बघितलेलंच नसतं. उलटीचा वास सोसतो का? तोच प्रश्न दहाव्यांदा विचारणाऱ्या आजींना अकराव्यांदा तेवढ्याच शांतपणे उत्तर देता येतं का? सोळाव्या वर्षी याचं उत्तर ‘नाही’ आलं तर वाट बदलता येते. बाविसाव्या वर्षी आलं तर मुलाचे आणि घराचे, दोघांचेही हाल होतात.

आणि हे तपासायला लांब जावं लागत नाही.

जगद्गुरू तुकोबारायांची पालखी पुणे सोडल्यावर लोणी काळभोरचा मुक्काम करून दौंड तालुक्यात शिरते. यवत आणि वरवंड हे तिचे दोन मुक्काम याच तालुक्यातले. यवतला काळभैरवनाथाच्या मंदिरात वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरीचा बेत असतो, तो सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच वेळी रस्त्याकडेच्या मांडवांत, शाळांच्या ओट्यांवर वैद्यकीय मदतीची केंद्रं लागतात. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, पालखी जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत केव्हातरी येते. अकरावीचं वेळापत्रक अजून पक्कं बसलेलं नसतं. वैद्यकीय शिक्षणाचा विचार करणाऱ्या मुलासाठी वर्षातली ही सगळ्यात चांगली संधी म्हणावी लागेल.

इथे येणाऱ्या तरुण स्वयंसेवकांत दोन तऱ्हा सहज ओळखू येतात. काहींचे टी-शर्ट नवे कोरे असतात. फलक धरून फोटो होतो, पाण्याच्या बाटल्या वाटून होतात आणि उन्हं चढायच्या आत गाडी परत फिरते. दुसरे संध्याकाळी दिंड्या टेकल्या की टबात पाणी भरून खाली बसतात. वारकऱ्याचा पाय मांडीवर घ्यायचा, साबणाच्या पाण्याने धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. फोड फुटला नसेल तर फोडायचा नाही. फुटला असेल तर वरची कातडी ओढून काढायची नाही, स्वच्छ करून निर्जंतुक गॉज लावायचा. हे सगळं तिथल्या परिचारिका पाच मिनिटांत शिकवतात. मग खरी गोष्ट कळायला लागते. ‘माऊली, पाय दुखतोय का?’ असं विचारल्यावर एखादी आजी ‘नाही बाळा’ म्हणते, आणि तळव्यात काटा रुतलेला असतो. मधुमेहाने पायाची जाणीव गेलेली असते. ‘गोळ्या कुठल्या चालू आहेत?’ या प्रश्नावर पिशवीतून पांढऱ्या गोळ्यांची अर्धी फाटलेली पट्टी निघते, नाव असलेला भाग नेमका फाटलेला. पुस्तकात मधुमेह वाचलेल्या मुलाला तो इथे पहिल्यांदा भेटतो.

दोन संध्याकाळी असं बसलेल्या मुलाला आपल्याविषयी जे कळतं, ते प्रमाणपत्रांच्या जाड फायलीतून कळत नाही. तरीही दोन संध्याकाळींवर थांबू नये. का, ते सांगायला महाराष्ट्रातल्या नामवंत डॉक्टरांनी स्वतः सांगितलेले अनुभव आहेत, आणि ते यशाचे अनुभव नाहीत.

डॉ. अभय बंग यांनी वयाच्या तेराव्या वर्षीच आरोग्याचं काम करायचं ठरवलं होतं. धाकट्या अभयने लोकांचं आरोग्य बघायचं आणि थोरल्या अशोकने शेती, अशी दोघा भावांनी सायकलवरून फिरताना केलेली वाटणी त्यांनी अनेकदा सांगितली आहे. पुढे नागपूरला वैद्यकीय शिक्षण, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण, आणि 1986 मध्ये पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासोबत गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेची सुरुवात. इतकी तयारी करून गेलेल्या या दांपत्याने सुरुवातीलाच आदिवासींमधल्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अभ्यास हाती घेतला. रक्ताचे नमुने घेतले, आजाराचं प्रमाण काढलं, निष्कर्ष मांडले, सरकारनेही दखल घेतली. लोकांनी मात्र त्यात रस दाखवला नाही. हा प्रश्न लोकांनी मांडलाच नव्हता. तो डॉक्टरांना महत्त्वाचा वाटला होता. बंग हा प्रसंग आडपडदा न ठेवता सांगतात आणि पुढे आपण लोकांना विचारून कामाची दिशा ठरवायला लागलो, असंही सांगतात.

विचारल्यावर लोकांनी काय सांगितलं, तेही ऐकण्यासारखं आहे. दवाखान्याच्या मोठ्या इमारतीची भीती वाटते. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही पांढरं कापड मढ्यावर घालतो. नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत. म्हणून ‘सर्च’च्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना आदिवासी गावासारखा, झोपड्यांच्या घडणीचा बांधला गेला आणि त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरी दवाखाना. लोकांचं ऐकायच्या याच सवयीतून नवजात बाळांवर घरीच उपचार करणाऱ्या गावातल्या बायांचं, आरोग्यदूतांचं काम उभं राहिलं. नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, ही नोंद 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

शिरूरला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातही असाच एक अनुभव आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला शिकले आणि वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करू लागले. त्यांच्या लक्षात आलं की बरे होऊन गेलेले रुग्ण तेच आजार घेऊन पुन्हा पुन्हा येताहेत. औषध बरोबर होतं, पण आजाराचं मूळ घरात, पाण्यात, पोटात होतं. 1970 मध्ये ते जामखेडला गेले, तेव्हाही गावांनी आधी आरोग्य मागितलं नाही. पाणी आणि अन्न मागितलं. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा गावातल्याच बायांना, ज्यांतल्या बऱ्याच दलित आणि निरक्षर होत्या, आरोग्याचं काम शिकवलं गेलं. या कामासाठी आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडची पद्धत शिकायला देशोदेशीचे डॉक्टर आजही तिथे येतात.

उच्चशिक्षित डॉक्टरांनाही लोकांची गरज बाहेरून ओळखता आली नाही, तर सोळा वर्षांच्या मुलाला ती एका दिवसाच्या शिबिरात कशी कळावी? म्हणून उपक्रम निवडताना पहिली कसोटी ही असावी की त्याच माणसांना पुन्हा भेटता येईल का. यवतला पाय धुतलेले वारकरी पुढच्या मुक्कामाला निघून जातात. ज्या घरी दर पंधरा दिवसांनी जायचं आहे, त्या घरात मात्र आपण मागच्या वेळी काय सांगितलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे बघावंच लागतं. दुसरी कसोटी अशी की ते काम आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडेल का. अडत नसेल तर ती सहल झाली. तिसरी, चुकलं तर सांगायला कुणी जाणतं माणूस सोबत आहे का. या तिन्ही कसोट्यांना उतरणारं एकच काम पुरतं. दहा कामं धरली तर कुठलंच धड होत नाही.

शिरूर-दौंडच्या खेड्यात असं काम शोधायचं तर सगळ्यात आधी आशाताईंना, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीला, भेटावं. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असते. तिचं काम काय असतं ते शेजारच्या घरालाही नीट ठाऊक नसतं. दवाखान्यात बाळंतीण झालेल्या बाईच्या घरी तिला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. बाळाचं वजन घ्यायचं, काखेत थर्मामीटर लावायचा, श्वास मोजायचा. श्वास मोजणं दिसायला सोपं. बाळ शांत असताना कपडा वर करायचा आणि घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर पोटाचं वर-खाली होणं मोजायचं. 60 किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजायचं. पुन्हाही तेवढेच आले तर वेळ घालवायचा नाही, दवाखाना गाठायचा. तीस सेकंद मोजून दुप्पट केलेलं चालत नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. ही नवजात बाळांची भेट-योजना गडचिरोलीच्या त्याच कामातून देशभर गेली, हे सोबत जाणाऱ्या विद्यार्थ्याला ठाऊक असलं तर तो त्या मिनिटाकडे वेगळ्या नजरेने बघेल.

अर्थात, कुणाच्या घरी असं उठून जाता येत नाही. आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावं, साध्या मराठीत एक अर्ज द्यावा, त्यावर पालकांची सही असावी. शाळेच्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या मुख्याध्यापकांचं पत्र जोडलं तर काम सोपं होतं. मग आशाताईंची तयारी, आणि शेवटी त्या घरच्या बाईची परवानगी. ती नाही म्हणाली तर ओट्यावर बसून राहायचं. मुलगा असेल तर बाळंतिणीच्या खोलीत जाण्याचा आग्रह कधीच धरू नये. त्याने वजनाची नोंद लिहावी, आशाताईंची पिशवी उचलावी, आजोबांशी बोलावं. बोलण्यातही पुष्कळ कळतं.

या दोन तालुक्यांत ऊस आहे, म्हणून ऊसतोड आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर भागातून टोळ्या येतात, शेताच्या कडेला कोप्या पडतात. बायका पहाटे चारला उठून भाकरी थापतात, मग कोयता घेऊन फडात जातात. लहान मुलं कोपीशी किंवा फडाच्या बांधावर असतात. त्यांची लसीकरणाची कार्डं बहुतेकदा गावाकडे राहिलेली असतात आणि कुठला डोस झाला, कुठला राहिला, हे आईला सांगता येत नाही. बागायतदाराच्या घरातल्या मुलाला हे करता येण्यासारखं आहे : रविवारी मुकादमाला भेटून, आयांशी बोलून पाच वर्षांखालच्या मुलांची यादी करायची. नाव, वय, मूळ गाव, आठवत असतील त्या लसी. यादी आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंच्या हातात द्यायची आणि लसीच्या दिवशी त्या मुलांना घेऊन यायचं. हंगाम संपेपर्यंत दर महिन्याला हीच यादी नव्याने तपासायची, कारण टोळी हलते. या कामात कुठे फोटोला वाव नाही. लहान वयात करता येणारं याच्याइतकं उपयोगाचं काम मात्र क्वचितच सापडेल.

सर्पदंशाचंही असंच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आपल्या जिल्ह्यात आहेत आणि शेतात रात्री पाण्याची पाळी असते. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत सर्पदंशावरच्या उपचारांसाठी आणि गावोगावच्या प्रबोधनासाठी ओळखले जातात. दोरी आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, हात-पाय हलू न देता लगेच दवाखाना गाठावा, एवढं साधं ज्ञान वाडी-वस्तीवर पोचवायला पांढरा कोट लागत नाही. महामार्गावरच्या अपघातांचंही तसंच. पुणे-अहिल्यानगर आणि पुणे-सोलापूर, दोन्ही रस्ते या तालुक्यांतून जातात. छाती दाबून हृदय चालू ठेवायचं प्रात्यक्षिक एकदा नीट शिकलं, मिनिटाला 100 ते 120 वेळा आणि मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर दबेल इतकं, तर मदत येईपर्यंतचा वेळ हाती धरता येतो. 108 ची गाडी बोलावायची, आणि जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस-दवाखान्यात अडकवता येत नाही असा कायदा आहे, हे चार लोकांना सांगायचं. ही माहिती पसरवणंही काम आहे, फक्त ती बरोबर असली पाहिजे.

काय करू नये, हे अधिक स्पष्ट सांगायला हवं. ओळखीच्या खासगी दवाखान्यात ‘शिकायला’ म्हणून बसवलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांच्या हातात इंजेक्शनची सुई देणारे लोक आहेत. मुलाला त्या दिवशी मोठं झाल्यासारखं वाटतं, घरीही कौतुक होतं. तो प्रकार बेकायदेशीर आहे आणि रुग्णाशी केलेला अन्यायही आहे. त्याने आपला दंड एका डॉक्टरवर विश्वास ठेवून पुढे केलेला असतो. विद्यार्थ्याने सुई धरू नये, जखम शिवू नये, गोळी सुचवू नये, रक्तदाब मोजून ‘तुम्हाला बीपी आहे’ असं जाहीर करू नये. रुग्णाचा फोटो काढू नये आणि त्याचा आजार चहाच्या टपरीवर सांगू नये. गाव लहान असतं. ‘पाटलांच्या सुनेचं’ असं म्हटलं की नाव घ्यावं लागत नाही.

किती वेळ द्यावा? अकरावीत आठवड्याचे दोन-तीन तास पुरेत. बारावीची दिवाळी झाली की थांबावं आणि थांबतो आहोत हे आशाताईंना, मुकादमाला, नर्सताईंना तोंडाने सांगून थांबावं. न सांगता गायब होणं ही या वयातली नेहमीची खोड आहे आणि ज्यांच्याकडे आधीच कुणी परत येत नाही, त्यांना ती जास्त लागते. नीटची तयारी बुडवून समाजसेवा करावी असं कुणीच म्हणणार नाही. दर आठवड्याचे दोन तास मोबाइलमधून काढता येतात.

सोबत एक वही असावी. त्यात भावना कमी आणि नोंदी जास्त. काय बघितलं, काय कळलं नाही, कुणाला विचारलं, काय उत्तर मिळालं, पुढच्या भेटीत काय झालं. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडच्या भागात सरकारी डॉक्टर होते तेव्हा कोकणात विंचू चावून माणसं मरत होती. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले, घाम कधी फुटला, नाडी कशी झाली, हात-पाय गार कधी पडले, हे टिपत राहिले. त्या नोंदींतून 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख आला. पुढे प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे मृत्यू सुमारे 40 टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आले. मोठी प्रयोगशाळा नव्हती, वही होती. विद्यार्थ्याच्या वहीतून शोध निघणार नाही, निघायची गरजही नाही. पण बघितलेलं जसंच्या तसं लिहायची सवय लागली तर ती पुढे प्रत्येक केस-पेपरवर उपयोगी पडते.

आता ज्या मुलाचं मन गाण्यात, नाटकात, कुस्तीत, कीर्तनात आहे, त्याने ते सोडून आरोग्य केंद्रातच जावं का? दौंडला तरी हा प्रश्न पडू नये. ‘सामना’ (1975), ‘जैत रे जैत’ (1977), ‘उंबरठा’ (1982) आणि पुढे ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट करणारे डॉ. जब्बार पटेल याच दौंडला लहान मुलांचे डॉक्टर म्हणून दवाखाना चालवत होते. नाटकाची गोडी त्यांना सोलापूरच्या शाळकरी दिवसांत लागली, ती पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये सुटली नाही, उलट तिथे वाढली. 16 डिसेंबर 1972 रोजी ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक होते डॉ. जब्बार पटेल आणि नाना फडणवीस होते डॉ. मोहन आगाशे, मानसोपचारतज्ज्ञ, तेही बी. जे. चेच. त्यांच्या आधी त्याच कॉलेजातून कान-नाक-घशाचे डॉक्टर होऊन श्रीराम लागू बाहेर पडले होते.

या तिघांचं नाटक प्रवेशासाठी नव्हतं. कुणी त्याचे गुण दिले नसते. नाटकात मात्र दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकावं लागतं, न पटणाऱ्या माणसाच्या मनात शिरावं लागतं, शंभर डोळे आपल्यावर असताना आवाज स्थिर ठेवावा लागतो. मुलाच्या आजाराची वाईट बातमी आईबापांना सांगणाऱ्या डॉक्टरला हेच लागतं. तालमीला रोज वेळेवर येणारं, दुसऱ्याच्या वाक्यावर लक्ष ठेवणारं मूल असेल तर त्याची तालीम क्लासच्या नावाखाली बंद करू नये. शाळेच्या संघात खो-खो खेळणाऱ्या मुलीलाही हेच लागू आहे. वर्षानुवर्षं टिकलेली आवड डॉक्टरकीच्या थकव्यात माणसाला सांभाळून घेते.

प्रवेशाच्या वाटेवर हे कुठे विचारलंच जात नाही, असंही नाही. एएफएमसीसाठी नीटच्या गुणांवरून बोलावणं आल्यावर इंग्रजी आणि तर्काची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि प्रत्यक्ष मुलाखत असते. ऊसतोड मुलांची यादी करताना काय अडलं, हे स्वतः केलेल्या मुलाला सांगता येतं. प्रमाणपत्र मिळवलेल्याची दुसऱ्या प्रश्नालाच गाडी अडते. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नीट येण्याआधी प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. नव्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला आश्रमात राहायला लावण्याची आणि प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेण्याची तिथली रीत जुनी आहे. आता तर देशभरातल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम आला आहे. पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला काही घरं नेमून दिली जातात आणि शिक्षण चालू असेपर्यंत त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवायचं असतं. ज्याने अकरावीत अनोळखी घराचं दार वाजवलेलं आहे, त्याला तिथे काय बोलावं हा प्रश्न पडत नाही. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आणखी लांब जायचं असेल तर बंग दांपत्याचा ‘निर्माण’ हा तरुणांसाठीचा उपक्रम 2006 पासून चालू आहे, आणि आनंदवनाच्या सोमनाथ प्रकल्पावर उन्हाळ्यात श्रमसंस्कार छावणी भरते.

आणि एवढं करून मुलाने घरी येऊन सांगितलं की मला रक्त बघवत नाही, किंवा मला रुग्णांपेक्षा यादी करण्यात, आकडे जुळवण्यात जास्त रस वाटला, तर? घरात शांतता पसरते, खर्चाचा हिशेब निघतो, आत्याच्या मुलाचं उदाहरण दिलं जातं. अशा वेळी त्या मुलाला घेऊन वढू बुद्रुकला जावं. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव सर्वांना ठाऊक आहे. शिरूर तालुक्यातल्या या गावात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण रुग्णालय आणि संशोधन केंद्र आहे, हे मात्र तालुक्यातल्याही अनेकांच्या लक्षात नसतं. ते सुरू केलं डॉ. बानू कोयाजी यांनी. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून 1944 मध्ये त्या केईएममध्ये आल्या, त्या छोट्या प्रसूतिगृहाचं त्यांनी मोठं रुग्णालय केलं आणि 1970 च्या दशकात ते रुग्णालय खेड्याकडे वळवलं. गावातल्या माणसांनाच शिकवून आरोग्यसेवक केलं. 1993 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

2002 पासून वढूचं केंद्र शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या 22 गावांची नोंद ठेवत आलं आहे. ठरावीक काळाने घरोघर जायचं, कोण जन्मलं, कोण वारलं, कोण गाव सोडून गेलं, कोण नव्याने राहायला आलं, हे लिहून घ्यायचं. रांजणगाव, सणसवाडीच्या कारखान्यांमुळे इथे माणसांची ये-जा मोठी, म्हणून हे काम आणखी किचकट. अशा नोंदी होत्या म्हणूनच लहान मुलांच्या जुलाबावरच्या रोटावॅक या भारतीय लशीची मोठी चाचणी झाली तेव्हा दिल्ली आणि वेल्लोरच्या बरोबरीने पुण्याच्या या ग्रामीण केंद्रालाही त्यात जागा मिळाली. तिन्ही ठिकाणची मिळून सुमारे 6,800 बाळं त्या चाचणीत होती. 2016 मध्ये ही लस सरकारी लसीकरणात आली आणि आज आरोग्य केंद्रात बाळाच्या तोंडात मोफत दिली जाते. त्या 22 गावांत वही आणि टॅब घेऊन फिरणारे कार्यकर्ते, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, आकडे जुळवणारे संख्याशास्त्रज्ञ, परिचारिका, समाजशास्त्र शिकलेले संशोधक, यांतले बहुतेक एमबीबीएस नाहीत. त्यांच्यापैकी कुणी अर्धा तास बोलायला तयार असेल, तर सुट्टीतला तो अर्धा तास त्या मुलाने आणि त्याच्या आईवडिलांनी, तिघांनी मिळून ऐकावा. जाण्याआधी केंद्राला पत्र पाठवून वेळ मागून घ्यावी.